आठवा सर्व्हर

२००३
न्यू जर्सीतली नाइट कॅपिटल ही दलाली पेढी 'पॉवर पेग' नावाची आपली एक जुनी सोय वापरणं थांबवते. तिचा कोड मात्र सर्व्हरवर तसाच राहतो.

२००५
पॉवर पेगमध्ये एक मोजणी होती. गिऱ्हाइकाची मूळ ऑर्डर लहान तुकड्यांत बाजारात सोडायची आणि तुकड्यांची बेरीज मूळ ऑर्डरएवढी झाली की थांबायचं. प्रोग्रामर ही मोजणी कोडमध्ये दुसऱ्या जागी हलवतात. टाकीतला फ्लोट काढून घ्यावा तसं हे झालं; पण नळच बंद होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. बदलानंतर पॉवर पेगची चाचणी होत नाही. जे वापरात नाही ते कशाला तपासायचं?

ऑक्टोबर २०११
शनिवार-रविवारी आपत्कालीन सराव होतो, चाचणीचे आकडे वापरून. सोमवारी बाजार उघडतो, तरी एका विभागाची यंत्रणा त्याच आकड्यांवरून भाव देत राहते. तोटा सुमारे ७५ लाख डॉलर. नाइटला तो पचतो. तेवढी चूक दुरुस्त होते. अशी चूक आणखी कुठे दडली आहे का, हे कोणी खोदून पाहत नाही.

जुलै २०१२
न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजला किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना सुरू करायची आहे. बाजार नियामक एसईसी मंजुरी देते. मुहूर्त १ ऑगस्टचा. हातात जेमतेम महिना. नाइटचे प्रमुख थॉमस जॉइस यांना ही योजना पसंत नाही. पण पसंत नाही म्हणून बाहेर बसणं परवडणारं नाही: न्यूयॉर्क आणि नॅसडॅकवरच्या उलाढालीत नाइटचा वाटा सुमारे १७ टक्के आहे.

ऑर्डर बाजारात पाठवणाऱ्या 'स्मार्स' या यंत्रणेसाठी नवा कोड लिहिला जातो. त्यात पूर्वी पॉवर पेग सुरू करणारा संकेतच नव्या कामासाठी वापरायचं ठरतं. नवा कोड चढला की जुना जाईल, मग गोंधळाचा प्रश्नच नाही. कागदावर यात काही चूक नव्हती.

२७ जुलै, शुक्रवार
नवा कोड टप्प्याटप्प्याने चढवायला सुरुवात होते. सर्व्हर आठ. सातांवर कोड चढतो. आठव्यावर तो टाकायचा तंत्रज्ञाकडून राहून जातो. त्याचं काम दुसऱ्या कोणी तपासत नाही. तपासावं असा लेखी नियम नाही.

१ ऑगस्ट, बुधवार, सकाळी ८.०१
नाइटच्या अंतर्गत यंत्रणेतून एक आपोआप तयार झालेला ईमेल निघतो. त्यात स्मार्सचा उल्लेख आहे आणि चूक लिहिली आहे: पॉवर पेग बंद आहे. नऊ वर्षं न वापरलेल्या सोयीचं नाव सकाळी आठ वाजता ईमेलमध्ये का यावं, एवढाच प्रश्न कोणी विचारायचा होता.

९.३० पूर्वी
असे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला जातात. हे ईमेल धोक्याचा इशारा म्हणून बनवलेलेच नव्हते. ते सहसा कोणी वाचत नसे. दीड तास हातात होता.

जॉइस घरी आहेत. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे.

९.३०
बाजार उघडतो. मुंबईत संध्याकाळचे सात. दलाल स्ट्रीटवरचे सौदे थांबून साडेतीन तास झालेत.

सात सर्व्हर नव्या योजनेच्या ऑर्डर नीट हाताळतात. आठवा जुना संकेत ओळखतो आणि पॉवर पेग सुरू करतो. तो तुकडे पाठवतो. मूळ ऑर्डर पुरी होते. त्याला ते कळत नाही. तो पाठवत राहतो.

९.३० नंतर
हे सौदे नाइटच्या '३३' या खात्यात जमा होऊ लागतात. त्या खात्याला २० लाख डॉलरची मर्यादा आहे. पण ती मर्यादा ओलांडली म्हणून ऑर्डर अडवणारी जोडणी नाही. शिल्लक दाखवणारा पडदा आहे, पण तो स्वतःहून इशारा देत नाही. माणसाने बघून समजून घ्यायचं.

काहीतरी बिघडलं आहे हे आता उघड आहे. अशा वेळी कोणी काय करायचं, बाजारापासून यंत्रणा कधी तोडायची, याची कार्यपद्धती ठरलेली नाही. शोधाचं काम तंत्रज्ञांवर पडतं आणि ते चालू बाजारात, ऑर्डर सुटत असतानाच सुरू होतं.

१०.१५ पूर्वी
एक निर्णय होतो. बिघाड नव्या कोडमध्ये असणार, तेव्हा तो काढून टाका. अशा प्रसंगी बहुतेक अनुभवी माणसं हेच सांगतील: शेवटचा बदल मागे घ्या. सात सर्व्हरवरून नवा कोड निघतो. म्हणजे बरोबर चाललेले सातही आता पॉवर पेगवर येतात. ऑर्डर वाढतात.

सुमारे १०.१५
यंत्रणा थांबते. ४५ मिनिटं झाली आहेत.

गिऱ्हाइकांच्या मूळ ऑर्डर होत्या २१२. त्यांतून १५४ शेअरमध्ये ४० लाखांहून अधिक सौदे झाले. ३९ कोटी ७० लाखांवर शेअरचे. ८० कंपन्यांचे सुमारे ३५० कोटी डॉलरचे शेअर गळ्यात पडले. ७४ कंपन्यांचे सुमारे ३१५ कोटींचे शेअर हातात नसताना विकले गेले. ३७ शेअरच्या भावात दहा टक्क्यांहून अधिक हालचाल झाली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक उलाढाल एकट्या नाइटची होती.

त्याच दिवशी
सौदे रद्द व्हावेत म्हणून नाइटची धडपड चालते. फक्त सहा शेअरमधले सौदे रद्द होतात. बाकीचे पक्के. उरलेला साठा गोल्डमन सॅक्स सवलतीत घेते. नाइटचा स्वतःचा शेअर १०.३३ डॉलरवरून ६.९४ वर बंद होतो.

२ ऑगस्ट
कंपनी ४४ कोटी डॉलरचा तोटा जाहीर करते. पुढे हा आकडा ४६ कोटींच्या वर गेला. हिशेब केला तर मिनिटाला एक कोटी. शेअर २.५८ डॉलर.

६ ऑगस्ट
सहा गुंतवणूकदार ४० कोटी डॉलर ओततात. नाइट वाचते, मालकी जाते.

जुलै २०१३
गेटको या प्रतिस्पर्धी कंपनीत विलीनीकरण. स्वतंत्र नाइट कॅपिटल संपते.

१६ ऑक्टोबर २०१३
एसईसी १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावते. बाजारात थेट ऑर्डर पाठवणाऱ्या दलालांसाठी २०१० साली केलेल्या नियमाखालची ही पहिली कारवाई. आठवा सर्व्हर ज्याच्याकडून राहिला त्या तंत्रज्ञाचं नाव आदेशात नाही. ठपका कंपनीवर आहे: दुसऱ्या माणसाने तपासायची लेखी पद्धत तिने घालून दिली नव्हती.