‘आपल्याकडे असले काही नसते’

धाराशिव तालुक्यातील बेंबळी या गावी एका लग्नाच्या निमित्ताने आमचा दोन दिवस मुक्काम घडला. अक्षता पडून गेल्या होत्या, जेवणावळी उठत होत्या, आणि उन्हाच्या तडाख्यामुळे वऱ्हाडी मंडळी मांडवातच विसावली होती. वर्तमानपत्रातील कुठल्याशा बातमीवरून समलिंगी विवाहाचा विषय निघाला. एका वृद्ध गृहस्थांनी तो एका दमात निकालात काढला : “हे पुण्या-मुंबईचं खूळ हाय. आपल्याकडं असलं काय नसतंय.” कोणी विरोध केला नाही, आम्हीही केला नाही, हे कबूल करावयास हवे. पाहुण्याने मांडवात वाद घालू नये इतपत शिष्टाचार आम्हांस ठाऊक आहे. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

याचे एक कारण असे की, जवळजवळ हेच विधान आम्ही पूर्वी वाचलेले होते. सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाच्या याचिकांची सुनावणी १८ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या तोंडावर केंद्र सरकारने जे प्रतिज्ञापत्र दाखल केले, त्यात ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे मत असल्याचे म्हटले होते. दिल्लीतील विधिज्ञ आणि बेंबळीच्या मांडवातील आजोबा एकाच मुद्द्यावर उभे असावेत, हा योगायोग विचार करण्याजोगा खरा. दोघांच्या म्हणण्यात आणखी एक गोष्ट गृहीत आहे : लग्न ही पूर्वापार चालत आलेली, कधी न हललेली संस्था आहे, आणि तिला हात लावणारे हे पहिलेच लोक. मराठी मुलखाचा इतिहास काही वेगळेच सांगतो.

विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली. त्यानंतर तब्बल ३७ वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुड या त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले. कायदा त्यांच्या बाजूने होता, गाव नव्हते. सत्यशोधक समाजाने १८७३ साली ब्राह्मण पुरोहितावाचून पहिले लग्न लावले, आणि पुढे अशा लग्नांत गावच्या जोशाचा हक्क बुडतो की काय यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. प्रतिलोम विवाह, म्हणजे वरची मानलेली जात वधूची आणि खालची मानलेली जात वराची, असा संबंध मुंबई इलाख्यातील न्यायालये धर्मशास्त्राच्या आधारे अवैध धरीत. नवराबायको वर्षानुवर्षे एका घरात नांदत असली तरी ती कायद्याच्या लेखी नवराबायको नव्हेत! डॉ. आंबेडकरांनी १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला तो नोंदणी पद्धतीने. तशी सोय नसती तर घटनेच्या मसुद्याचे काम पाहणाऱ्या माणसाचे लग्नदेखील कोणास शून्यवत म्हणता आले असते. हिंदूंमधील अशा सर्व आंतरजातीय विवाहांना सरसकट वैधता मिळाली ती १९४९ च्या कायद्याने. म्हणजे आज ज्या लग्नांत आपण निवांत जिलबी खातो, त्यांतील कित्येक लग्ने आपल्या पणजोबांच्या काळी लग्ने नव्हतीच.

आमच्या विषयाला सर्वांत जवळचा असा प्रसंग १९३४ सालचा आहे, आणि तो मराठी वाचकांनी विसरावा याचे आम्हांस नवल वाटते. धोंडो केशवांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवीत होते. संततिनियमन आणि कामजीवन यांवर ते उघडपणे लिहीत, वाचकांचे प्रश्न छापीत, आणि त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. त्यांत हस्तमैथुनाविषयी प्रश्न असत, तसेच समलिंगी संबंधांविषयीही. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला गुदरला, आणि त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. आंबेडकरांनी. असले प्रश्न छापावेतच कशाला, हा आक्षेप होता. लोकांना शंका असतील तर ज्ञान हाच त्यावरचा उपाय, अशी बचावाची दिशा होती. समलिंगी प्रवृत्तीविषयी बोलताना आंबेडकरांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. एखाद्याच्या ठिकाणी ती प्रवृत्ती स्वभावतःच असेल तर त्यात गैर काय, असा त्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. आंबेडकर त्या दिवशी समलिंगी विवाहाची मागणी करीत नव्हते, तो प्रश्न कोणाच्या स्वप्नातही नव्हता. भांडण होते ते केवळ या गोष्टीचे नाव घेता येईल की नाही, एवढ्यापुरते. पण नाव घेण्यावरच जेथे दंड बसतो, तेथे ‘आपल्याकडे असले काही नसते’ हे वाक्य आपोआप खरे ठरते. गोष्ट नसते म्हणून नाव नसते असे नव्हे. नाव घेतल्यास खटला होतो, म्हणून गोष्ट दिसत नाही.

तेव्हा बेंबळी निजामाच्या राज्यात होती. मुंबईच्या न्यायालयाची सत्ता येथे चालत नव्हती. पुढे सात वर्षांनी, फेब्रुवारी १९४१ मध्ये, आंबेडकर याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग परिषदेसाठी आले, तेव्हा बैलगाडीतून त्यांची मिरवणूक निघाली होती. ती मिरवणूक जिल्ह्याने जपून ठेवली आहे. १९३४ चा खटला मात्र येथे आम्हांस कोणाच्या तोंडी आढळला नाही.

मग खरोखरच येथे ‘असले काही’ नव्हते काय? यल्लम्माला सोडलेला, लुगडे नेसणारा जोगता आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तमाशातला नाच्याही आहे. जोगत्याच्या हातची भिक्षा गावाने शुभ मानली, नाच्याला शिट्ट्या दिल्या, आणि मागाहून त्याची टवाळीही केली. प्रत्येक जोगता समलिंगी असतो असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. आमचे म्हणणे इतकेच की, वेगळ्या वळणाच्या माणसाला जागा देताना गावाने ती देवळाच्या ओट्यावर वा बोर्डावर दिली. घरात दिली नाही. देवाला वाहिलेला माणूस संसाराच्या हिशेबातून वजा होतो, आणि हीच त्या मोठेपणाची किंमत असते. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातील, स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा तर शिकलेल्या, शहरी वर्गातली. तिलाही शेवटी जगता येत नाही.

अलीकडच्या काळात हे चित्र आमच्याच आसपास हलले. २०१७ च्या डिसेंबरात यवतमाळ येथे एका मराठी तरुणाने आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी विवाहसोहळा केला, तोही कलम ३७७ अद्याप जिवंत असताना. ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते निष्प्रभ झाले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. २०२२ च्या मार्चमध्ये शेजारच्या बीड शहरात एका तृतीयपंथी वधूचे लग्न लोकांच्या साक्षीने लागले. यवतमाळ आणि बीड यांना पुणे-मुंबई कोण म्हणेल?

दुसऱ्या दिवशी निघताना त्याच वृद्ध गृहस्थांनी आम्हांस एस. टी. च्या थांब्यापर्यंत सोबत केली. वाटेत त्यांनी आपण होऊन आपल्या एका चुलत्याची हकीकत सांगितली. चुलते बिनलग्नाचे. शेतातल्या कोठ्यावर राहात, आणि त्यांच्यासोबत परगावचा एक गडी तीस वर्षे राहिला. “लई जीव होता एकमेकांवर,” एवढेच ते म्हणाले. चुलते वारल्यावर फेरफार झाला, वारस म्हणून पुतण्यांची नावे सातबाऱ्यावर चढली. तो गडी पंधरवड्यात निघून गेला. कोठे, असे आम्ही विचारले. त्यांना सांगता आले नाही. त्या दोघांमध्ये काय होते याचा निवाडा आम्ही करणार नाही, तसा अधिकारही आम्हांस नाही. तलाठ्याच्या दफ्तरात मात्र त्या तीस वर्षांसाठी रकाना नव्हता, हे उघड आहे.

तो रकाना आजही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचांचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देण्याच्या प्रश्नावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली, आणि मान्यता देऊ पाहणारे अल्पमतात गेले. तृतीयपंथी व्यक्तीला स्त्री-पुरुष विवाहाच्या चौकटीत लग्न करता येईल, हे मात्र मान्य झाले. म्हणजे बीडच्या त्या मांडवाला कायद्याची वाट मोकळी आहे, यवतमाळच्या सोहळ्याला नाही. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या अल्पमतातील निकालपत्रात ‘शहरी उच्चभ्रू’ या आक्षेपाचा समाचार घेताना शेतात राबणाऱ्या स्त्रीचा दाखला दिला आहे. बेंबळीच्या शिवारात खुरपे धरून बसलेल्या बायांकडे पाहताना आम्हांस तो आठवला. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

अधूनमधून सवलतींचे तुकडे पडतात. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात केंद्र सरकारने स्पष्ट केले की, अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते काढण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातील मानावे. रॉकेल-धान्याच्या हिशेबात का होईना, सरकारी कागदावर ‘कुटुंब’ हा शब्द आला. पण नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. मृत्युपत्र करून ठेवल्याखेरीज स्वकष्टार्जित जमिनीचा एक गुंठाही जोडीदाराकडे जात नाही, आणि कोठ्यावर राहणारी माणसे मृत्युपत्र करण्यासाठी तालुक्याला जात नाहीत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस तीस दिवस कार्यालयात लावलेली असते, कोणाची हरकत असल्यास ती नोंदविता यावी म्हणून. धाराशिवच्या त्या फळ्यावर आंतरजातीय जोडप्यांची नावे लागतात. दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची नावे तेथे लावताच येत नाहीत, कारण अर्जातच एक रकाना वराचा आणि एक वधूचा आहे.