सरसेनापति ग्रँट : विजय आणि वचन

सेनापतीची थोरवी रणांगणावर ठरते, असें आपण सामान्यतः मानतों. परंतु अमेरिकेच्या यादवी युद्धांतील विजयी सरसेनापति युलिसिस ग्रँट याचें चरित्र पाहिलें म्हणजे त्या थोरवीची खरी कसोटी तलवार म्यान केल्यानंतरच लागते, असें वाटूं लागतें.

ग्रँटचा जन्म १८२२ सालीं ओहायो संस्थानांत झाला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत शिकून त्यानें मेक्सिकोच्या युद्धांत नांव मिळविलें. पण १८५४ सालीं नोकरी सोडली आणि दैव फिरलें. शेती बुडाली. सेंट लुईच्या रस्त्यांवर जळाऊ लांकडें विकण्याची पाळी आली. १८६१ सालीं गुलामगिरीच्या प्रश्नावरून युद्ध पेटलें, तेव्हां हा गृहस्थ बापाच्या कातड्याच्या दुकानांत काम करीत होता. तीन वर्षांच्या आंत तोच उत्तरेच्या सर्व सैन्याचा अधिपति झाला!

४७ दिवसांच्या वेढ्यानंतर ४ जुलै १८६३ रोजीं विक्सबर्ग त्याच्या हातीं आलें. परंतु ३ जून १८६४ रोजीं कोल्ड हार्बर येथें शत्रूच्या तटबंदीवर केलेल्या हल्ल्यांत त्याचे हजारों सैनिक व्यर्थ पडले. टीकाकार त्याला खाटिक म्हणत. त्या हल्ल्याचा पश्चात्ताप त्यानें पुढें आपल्या आत्मचरित्रांत स्वतःच नमूद केला आहे.

९ एप्रिल १८६५ रोजीं अ‍ॅपोमॅटॉक्स येथील एका घरांत दक्षिणेचा सेनापति ली शरण आला. लीच्या अंगावर नवा कोरा गणवेश होता. जेत्याचे बूट चिखलानें माखलेले होते. ग्रँटनें घातलेल्या अटी पाहाव्या. सैनिकांनीं शस्त्रें खालीं ठेवून घरीं जावें. वचन पाळतील तोंवर त्यांना सरकारचा उपद्रव होणार नाहीं. ज्यांचे घोडे स्वतःचे असतील त्यांनीं ते नांगरणीसाठीं न्यावे. लीच्या उपाशी फौजेला त्यानें शिधाही दिला. आणि आपल्या छावणींत विजयाच्या तोफा सुरू होतांच त्या बंद करविल्या.

पण खरा प्रसंग पुढेंच होता. त्याच वर्षीं लीवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यांत आला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन शिक्षेच्या बाजूचा होता. दिलेला शब्द मोडणार असेल तर आपण राजीनामा देऊं, असें ग्रँटनें निक्षून सांगितलें. आणि खटला मागें पडला.

पुढें तो राष्ट्राध्यक्ष झाला. त्याची ती कारकीर्द, १८६९ ते १८७७, सहकाऱ्यांच्या लाचलुचपतीनें डागाळली. १८७९ च्या फेब्रुवारींत जगप्रवासाच्या ओघांत तो आपल्या मुंबईसही येऊन गेला. १८८४ सालीं पेढी बुडून तो निर्धन झाला. कर्करोगाशीं झगडत त्यानें आत्मचरित्र लिहिलें आणि तें पुरें होतांच कांहीं दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजीं, देह ठेवला. त्या ग्रंथानें त्याच्या कुटुंबाचें दारिद्र्य फिटलें.

जिंकलेल्या लढाया इतिहासांत पुष्कळ आहेत. पराभूताला दिलेला शब्द स्वतःच्या सरकाराविरुद्ध उभें राहून पाळणारे जेते मात्र थोडे. ग्रँटचें मोठेपण तेथें आहे.