तोफेत भरलेले पैसे

ठासणीची बंदूक बाळगणारा एखादा जुना शिकारी आपल्या ओळखीचा असेल, तर छरे संपल्यावर त्याने नळीत काय काय भरून पाहिले, हे त्याला एकदा विचारावे. सायकलच्या चाकातल्या गोळ्यांपासून खिळ्यांच्या तुकड्यांपर्यंत यादी निघेल. ही हौस धोक्याची आहे. नळी फुटली म्हणजे सावजाऐवजी शिकाऱ्याचाच हात जातो. पण ती नवी मात्र नाही. आपल्या दख्खनमध्ये एकदा खुद्द सरकारी तोफखान्यानेच हा प्रयोग केला, आणि तोही पैशांच्या थैल्यांचा!

या प्रकरणाचा एक धागा आपल्या सोलापूरच्या किल्ल्यात अडकलेला आहे. १५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातील मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा हा किल्ला हुंड्यात द्यायचा ठरला होता. तो दिला गेला नाही, आणि त्यापायी दोन्ही शाह्या चाळीस वर्षे भांडत राहिल्या. शेवटी हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली व तिच्याबरोबर सोलापूरही दिले. भांडण मिटले आणि विजयनगरवर चालून जाण्यास फौजा मोकळ्या झाल्या.

जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीची लढाई झाली. निजामशाही तोफखान्याचा अधिकारी चलबी रूमीखान. त्याने सुमारे सहाशे तोफा तीन रांगांत मांडून साखळदंडांनी एकमेकींना जखडल्या, असे फेरिश्ता लिहितो. पुढे दोन हजार तिरंदाज उभे केले, ते तोफा झाकण्यासाठी. शत्रू जवळ येताच तिरंदाज मागे सरले आणि तोफांची तोंडे उघडी पडली. पहिला हल्ला मोडला. तेव्हा रामरायाने सोन्यामोत्यांच्या राशी समोर मांडून शूरांना बक्षिसे देण्याचे जाहीर केले, आणि त्याचे लोक पुन्हा चाल करून आले. रूमीखानाने तोवर तांब्याच्या पैशांच्या थैल्या तयार ठेवल्या होत्या. शत्रू अगदी तोंडाशी आल्यावर त्याने त्या झाडल्या. तोफांपुढे पाच हजारांवर माणसे पडली म्हणतात.

आकडा मी जसाच्या तसा घेणार नाही, कारण फेरिश्त्याने ती लढाई पाहिलेली नव्हती. पण त्याची उमर नगर आणि विजापूर येथेच गेली, आणि मुख्य म्हणजे त्याने सांगितलेली गोष्ट व्यवहाराला धरून आहे. पैसा गोल गोळ्यासारखा हवा कापीत जात नाही. तो गिरक्या घेतो, त्याचा वेग लवकर मरतो. लांबवर तो कुचकामी. परंतु तोंडासमोर दाटलेल्या गर्दीत एकच गोळा जेवढी माणसे पाडील, त्याच्या कितीतरी पट थैलीतले शेकडो पैसे पाडतात. शिवाय तांबे लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे ओतीव तोफेची नळी आतून कमी खरवडली जाते. तिरंदाजांचा पडदा होता तो याचसाठी: शत्रूला पैशाच्या टप्प्यात आणायचे होते.

दुसरी कथा चांदबीबीची. मोगलांनी १५९५–९६ मध्ये नगरला वेढा घातला, तेव्हा गोळे संपल्यावर तिने आधी तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जवाहीर तोफांत भरले, असे खाफीखान सांगतो. तो लिहितो शंभरावर वर्षांनी. सोने शिशापेक्षाही जड, तेव्हा गोळी म्हणून ते उत्तमच! पण सुरुंगाने ज्या किल्ल्याचा तट उडाला होता, तिथे भरायला दगडांचा काय तुटवडा? तिने खिंडारात उभे राहून रातोरात तट बुजवून घेतला, एवढे पुरेसे आहे. जवाहीर मला नंतर चढवलेले वाटते.

मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली. राक्षसतागडीला ती होती, अशी परंपरा आहे. पुढे ती आपल्या शेजारच्या परंड्याच्या किल्ल्यात राहिली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. तिच्या तोंडाचा व्यास सव्वादोन फुटांच्या आसपास. त्यात किती थैल्या मावतील, याचा अंदाज ज्याने त्याने शेरझा बुरुजावर जाऊन करावा. १८५४ मध्ये इंग्रजी अमलात तिचा लिलाव पुकारला गेला. बोली आली दीडशे रुपयांची. सुदैवाने तो सौदा पुढे रद्द झाला.