वैद्यकाची निवड आणि वैद्यकाची वृत्ती : महाराष्ट्राच्या इतिहासातील काही दाखले

प्रस्तावना

वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की धुळे शहरातील देवपूर भागात गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक झळकू लागतात. त्याच सुमारास येथील महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू असतात. त्या रांगेत ज्यांची छायाचित्रे कोणत्याही फलकावर नाहीत, असे अनेक विद्यार्थी उभे असतात. 'मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून इकडे आलो' हे त्यांचे वाक्य आपणा सर्व प्राध्यापकांच्या परिचयाचे आहे. मात्र वैद्यकच का हवे होते, असे विचारले असता घरच्यांची इच्छा, दहावीचे गुण आणि डॉक्टरला मिळणारा मान यांपलीकडे उत्तर क्वचितच जाते.

हा प्रश्न केवळ आजचा आहे काय, आणि निवडीचे कारण व त्या व्यवसायास लागणारी वृत्ती यांचा परस्परांशी कितपत संबंध असतो, याचा काही ऐतिहासिक दाखल्यांच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

आरंभकाळ : नोकरी, जिज्ञासा आणि सेवा

मुंबईत १८२६ साली सरकारने एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा काढली. तेथील शिक्षण देशी भाषांतून होते आणि शिकून तयार झालेल्यांनी सरकारी व लष्करी दवाखान्यांत काम करावे, असा हेतू होता. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती प्रामुख्याने नोकरीची वाट होती. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ मध्ये तेथून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. आत्माराम पांडुरंग हे दोघे होते.

भाऊ दाजी वैद्यकाकडे वळले तेव्हा एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करीत होते. म्हणजे उपजीविकेचे साधन हाती असताना त्यांनी हा मार्ग धरला. त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला, कुष्ठरोगावरील उपायांचा शोध घेतला आणि खानदेशच्या सीमेला लागून असलेल्या अजिंठा लेण्यांतील शिलालेखांचे वाचनही केले. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाजाची स्थापना झाली. या दोघांच्या बाबतीत वैद्यक हे संपूर्ण आयुष्य नव्हते. व्यापक जिज्ञासेचे व समाजकार्याचे ते एक अंग होते.

आनंदीबाई आणि रखमाबाई

वैद्यकाची निवड म्हटली की मराठी माणसास प्रथम आठवतात त्या डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७). त्यांच्या शिक्षणामागे पती गोपाळराव यांचा आग्रह, प्रसंगी हट्ट, होता हे सर्वश्रुत आहे. तथापि वैद्यकच का, याचे उत्तर त्यांचे स्वतःचे होते. लहान वयात मातृत्व आले आणि मूल अवघ्या काही दिवसांत दगावले. अमेरिकेस जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर सभेत त्यांनी आपल्या प्रयाणाची कारणे सांगितली. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, हे त्यांतील मुख्य कारण होते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. निवड इतकी सुस्पष्ट आणि सकारण असूनही ती फळास कशी आली असती, हे पाहण्याची संधी काळाने दिली नाही.

त्यांच्या समकालीन डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५) यांचे चरित्र याच्या उलट बाजूचे आहे. बालपणी झालेला विवाह नाकारल्यामुळे १८८४ पासून त्यांच्यावर खटला चालला. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना पतीकडे जा, नाहीतर तुरुंगवास भोगा, असे बजावले. १८८८ साली तडजोड झाली. त्यानंतर त्या लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते, म्हणजे व्यवसायाचा परिचय घरातूनच होता. तरीही स्वावलंबनाची व स्वातंत्र्याची गरज या निवडीमागे नव्हती, असे म्हणता येणार नाही. आरंभीचा हेतू काहीही असो, मायदेशी परतल्यावर त्यांनी सुरत येथे दोन दशकांहून अधिक काळ आणि पुढे राजकोट येथे स्त्रियांवर उपचार केले. त्यांची योग्यता प्रवेशाच्या दिवशी नव्हे, तर त्या दीर्घ दिनक्रमात सिद्ध झाली.

येथे एक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. आनंदीबाईंवर चरित्रे, कादंबरी, नाटक व चित्रपट निघाले. रखमाबाई इतिहासात प्रामुख्याने खटल्यासाठी स्मरणात राहिल्या आणि त्यांचे प्रदीर्घ रुग्णकार्य मागे पडले. समाज निवडीचा व पदवीचा गौरव करतो, व्यवसायातील नित्याच्या कामाकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. देवपुरातील फलकांचे मूळ या जुन्या सवयीत आहे, असे म्हणावे लागेल.

पदवीनंतरचा कौल

विसाव्या शतकातील दाखले हाच मुद्दा पुढे नेतात. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घसातज्ज्ञ होते. १९६९ मध्ये त्यांनी पूर्णवेळ रंगभूमी स्वीकारली. डॉ. अनिल अवचट यांनी वैद्यकाची पदवी घेऊन लेखन व सामाजिक कार्याचा मार्ग धरला. याउलट डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७० च्या दशकात हेमलकसा येथे आदिवासींमध्ये काम सुरू केले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात गडचिरोली हे कार्यक्षेत्र निवडले. नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर विचारात घेतले गेले. या सर्वांनी वैद्यकाचेच शिक्षण घेतले होते. पदवी समान असली तरी ती कोणास मानवली व कोणास नाही, हे पुढील आयुष्याने ठरविले. ज्यांनी वाट बदलली त्यांना कोणी अपयशी म्हटले नाही. ही मुभा आपण सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यास देतो काय, हा खरा प्रश्न आहे.

खानदेशचा संदर्भ

खानदेशातील विद्यार्थ्यास दीर्घकाळ वैद्यकासाठी मुंबई, पुणे वा नागपूर गाठावे लागे. धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे ही वाट जवळ आली. जळगाव येथे २०१८ मध्ये व नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय महाविद्यालये सुरू झाली. संधी वाढली तशी स्पर्धाही तीव्र झाली. २०२४ साली राष्ट्रीय प्रवेश परीक्षेस देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आत होत्या. भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे ज्ञान ही परीक्षा तपासते. रुग्णाच्या उशाशी बसण्याचा धीर, रात्रपाळीची तयारी, मृत्यूचे वृत्त सांगण्याची संयत भाषा यांचे मापन तीत होत नाही. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच रुग्णपरिचय आणि वर्तन व संवादाचे शिक्षण समाविष्ट झाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु तोपर्यंत प्रवेश होऊन गेलेला असतो. दुसरीकडे सातपुड्यातील पाड्यांवर सिकलसेल व कुपोषण यांचे प्रश्न कायम आहेत, आणि तेथे जाऊन राहील असा डॉक्टर गुणांच्या यादीवरून ओळखता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, घरच्यांचा आग्रह, अर्थार्जन व प्रतिष्ठा ही कारणे वैद्यकशिक्षणाच्या आरंभापासून होती. त्यांना केवळ आजच्या पिढीचा दोष मानणे योग्य नाही. मात्र आरंभीच्या कारणावरून पुढील योग्यता ठरत नाही, ती कामाच्या सहवासात घडते किंवा उघड होते. म्हणून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस एखाद्या ग्रामीण रुग्णालयात काही दिवस केवळ पाहण्यासाठी नेण्याची व्यवस्था महाविद्यालयांनी करून पाहावी. काहींचा निश्चय त्यातून दृढ होईल, काहींना वेळेवर दुसरी वाट सापडेल.

राहिला प्रश्न प्रवेशाच्या रांगेतील त्या विद्यार्थ्यांचा. ते आपल्या वर्गात येतात तेव्हा पराभूत मनाने येतात. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रिया सोडून रंगमंचावर गेलेला नट यांची ओळख त्यांना करून देणे, हे इतिहासाच्याच नव्हे तर प्रत्येक विषयाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.