ऱ्हस्व, दीर्घ आणि हरवलेले कान

जुन्या कवितेला डोळ्यांची फारशी ओळख नव्हती. ती कानांसाठी जन्मली, कानांवर वाढली आणि शतकानुशतके एका कंठातून दुसऱ्या कंठात गेली. रोमन लोकांची पुस्तके म्हणजे लांबलचक गुंडाळ्या असत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत त्यांत शब्द तोडून लिहिण्याचीही चाल राहिली नव्हती. आपल्या जुन्या पोथ्यांसारखी अक्षरे सलग धावत. अशी ओळ डोळ्यांनी चटकन उमगत नाही, ती मोठ्याने म्हटली की उलगडते. व्हर्जिलच्या प्राचीन चरित्रात एक हकीकत आहे. इ. स. पू. 29 मध्ये पुढे ऑगस्टस म्हणून प्रसिद्ध झालेला ऑक्टेव्हियन आतेल्ला गावी मुक्कामाला होता. तेथे कवीने आपले 'जॉर्जिक्स' हे काव्य त्याला चार दिवस वाचून दाखविले. कवीचा आवाज बसला, की त्याचा आश्रयदाता मायकेनास पुढचा भाग वाची. त्या दोघांचे आवाज हवेत विरले आणि अक्षरे तेवढी उरली.

ते विरलेले आवाज परत मिळविण्याचा एक उद्योग आज चालू आहे, आणि तो कोणी सरकार अथवा धनिक करीत नसून हौशी माणसे करीत आहेत. 2005 च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील माँट्रियल शहरी ह्यू मॅक्ग्वायर या गृहस्थाने 'लिब्रिव्हॉक्स' नावाचा उपक्रम सुरू केला. ज्या ग्रंथांवर कोणाचा मालकी हक्क उरलेला नाही, ते स्वयंसेवकांनी मोठ्याने वाचावेत, घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करावेत आणि जगाला फुकट द्यावेत, अशी ही साधी कल्पना. वाचणाऱ्याला मानधन नाही, ऐकणाऱ्याला मोल नाही. एकाने वाचलेले दुसरा स्वयंसेवक ऐकतो आणि गाळलेली ओळ किंवा चुकून दोनदा आलेले वाक्य दाखवून देतो. परंतु वाचणाऱ्याच्या हेलाला तो नावे ठेवीत नाही. अनेक भाषांबरोबर लॅटिनलाही या ग्रंथालयात जागा मिळाली आहे.

कल्पना नवी दिसली तरी तिचे मूळ जुने आहे. एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी एका लेखात त्याचे उपयोग सांगितले. त्यांत अंधांसाठी बोलती पुस्तके हा एक होता. ते स्वप्न 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत व इंग्लंडात खरे झाले. म्हणजे ज्यांचे डोळे गेले, त्यांच्यासाठी कानांचे पुस्तक प्रथम आले. डोळस माणसे त्याच्याकडे मागाहून वळली.

लॅटिन काव्य वाचायला बसलेल्या स्वयंसेवकापुढे मात्र पहिल्याच ओळीला धर्मसंकट उभे राहते: वाचायचे कोणत्या उच्चाराने? रोमचा तो प्रसिद्ध वक्ता इंग्रजाच्या तोंडी सिसेरो होतो, इटालियनाच्या तोंडी चिचेरो, जर्मनाच्या तोंडी त्सित्सेरो; आणि तो स्वतः आपले नाव किकेरो असे उच्चारीत असे, हे आता पंडितांना मान्य आहे. रोमचे राज्य गेल्यावर ज्याने त्याने ही भाषा आपापल्या मायबोलीच्या वळणाने उच्चारली. इरॅस्मसने 1528 मध्ये लॅटिन व ग्रीक यांच्या शुद्ध उच्चारावर एक संवाद लिहिला. त्यात सम्राट मॅक्सिमिलियनच्या दरबारातली मोठी गंमत आहे. एका फ्रेंच वक्त्याने लॅटिन भाषण केले आणि ते ऐकून काही इटालियन मंडळींना तो फ्रेंचच बोलतो आहे असे वाटले. पुढे चारशे वर्षे पंडितांनी शिलालेखांतील चुका, जुन्या वैयाकरणांचे दाखले आणि वृत्तांचे नियम ताडून पाहिले व मूळ उच्चार पुष्कळसा निश्चित केला. सिडनी ॲलन यांचा 'व्होक्स लातिना' हा 1965 चा छोटा ग्रंथ या शोधाचे उत्तम सार आहे.

पण व्यंजनांचा प्रश्न त्या मानाने सोपा. खरे दुखणे आहे ते ऱ्हस्व-दीर्घाचे. लॅटिनमध्ये 'मलुम' म्हणजे वाईट आणि 'मालुम' म्हणजे सफरचंद. लिहिताना दोन्ही एकच, भेद उच्चारातल्या मात्रेचा. साऱ्या अभिजात लॅटिन काव्याचा डोलारा याच भेदावर उभा आहे. आणि हा भेदच लोकांच्या कानांतून गेला. चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेला संत ऑगस्टीन स्पष्ट लिहितो, की आफ्रिकेतील लोकांच्या कानांना स्वरांचे ऱ्हस्वत्व-दीर्घत्व कळत नाही. व्हर्जिलची पोथी तीच होती, पाठशाळांतून ती शिकविलीही जात होती. परंतु तिचे संगीत ऐकणारा कान गेला होता. वृत्त ही कानांनी ओळखण्याची वस्तू न राहता बोटांवर मोजण्याची वस्तू झाली.

येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण जे इंग्रज विद्यार्थ्याला वर्षभर घोकावे लागते, ते आपल्याला पाऊण तासात समजण्याजोगे आहे. व्हर्जिलचे वृत्त सहा गणांचे. प्रत्येक गण चार मात्रांचा, आणि प्रत्येकाचा आरंभ गुरूने. हा गण एक तर गुरू-लघु-लघु, म्हणजे सरळ आपला भगण, नाही तर दोन गुरू. पाचव्या ठिकाणी बहुधा भगणच येतो. सहाव्यात दोनच अक्षरे असतात आणि शेवटचे लघु असले तरी चालते, जसे आपण पादान्तीचे लघु अक्षर गुरू मानतो. जोडाक्षरापूर्वीचे लघु अक्षर गुरू होते, हा नियम तेथेही आहे. 'तुम्ही' या शब्दात जोडाक्षराचा आघात मागे येत नाही म्हणून 'तु' लघुच राहतो. काही जोड्यांपुरती अशी सवलत लॅटिन कवीही घेतो. शब्दाच्या अंती स्वर आणि पुढच्याच्या आरंभी स्वर आला, की पहिला लोपतो; तो संधीचाच भाऊ. आणि ओळीच्या मध्याला यती आहेच. मोरोपंतांच्या आर्येचे चतुर्मात्रिक गण ज्याच्या कानांत बसले आहेत, त्याला व्हर्जिल परका वाटू नये.

मला तो तसा परका वाटला नाही. नागपूरच्या पश्चिमेला अमरावती रस्त्यावर आमची वाडी आहे. मालमोटारी आणि गोदामे हे तिचे आजचे वैभव, आणि वृत्ताला लागणारी शांतता येथे रात्री उशिराच सापडते. अशा वेळी लॅटिन काव्याची ही ध्वनिमुद्रणे मी पुष्कळ ऐकली आहेत. ती वाचणाऱ्यांत काही नुसते गद्य वाचतात, काही इंग्रजी पद्धतीने आघात देत जातात. पण एखादा असा भेटतो की जो दीर्घाला त्याची पुरती मात्रा देतो. तेव्हा भाषा कळो न कळो, ओळीची चाल कळते. लहानपणी घरात वडील मंडळी आर्या म्हणत त्या वेळी मला अर्थ कोठे कळत होता? चाल तेवढी कळत होती, आणि अर्थ पुढे तिचे बोट धरून आला.

लॅटिन आणि मराठी यांची गाठ याआधी एकदा पडलेली आहे, आणि ती स्मरणात ठेवण्यासारखी आहे. 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. लॅटिनमध्ये मुरलेला हा माणूस. 1583 मध्ये भावाला धाडलेल्या लॅटिन पत्रात त्याने इकडच्या भाषांची रचना लॅटिन व ग्रीक यांच्यासारखी आहे असे लिहून ठेवले. सर विल्यम जोन्सने कलकत्त्यात हाच विचार मांडला तो 1786 मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी! या स्टीफन्सने 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे ओव्यांचे हे पुराण दहा हजारांवर ओव्यांचे आहे. व्हर्जिलचे वृत्त ठाऊक असलेल्या या कवीने ते मराठीवर लादले नाही, पंडितांची अक्षरगणवृत्तेही घेतली नाहीत. त्याने पहिल्या तीन चरणांना यमक असलेली ओवी घेतली, कारण त्याला वाचक नको होते, श्रोते हवे होते. चर्चमधून हे पुराण मोठ्याने वाचले जाई. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले, तरीही ते पुराण नाहीसे झाले नाही. जे कानांत बसले होते, त्याला फर्मान पोचले नाही.

आता आपल्या घरात पाहू. ऑगस्टीनने आफ्रिकेविषयी जे लिहिले, ते निम्मे आज आपल्यालाही लागू आहे. 'अ' आणि 'आ' यांचा भेद आपल्या तोंडी शाबूत आहे. पण इकार-उकारांचे काय? 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. लिहिताना भेद, बोलताना बहुधा दोन्ही सारखेच. बोलण्यातल्या मराठीत इकार-उकारांची लांबी अर्थावर ठरत नाही, शब्दातल्या जागेवर ठरते. साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले तेव्हा हा पेच जाणत्यांच्या लक्षात होता. पद्यात वृत्तासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्य असावे आणि केशवसुतपूर्व पद्य मूळाप्रमाणेच छापावे, ही कलमे त्यासाठीच नियमांत आली. कागदावर मोरोपंत सुरक्षित झाले. पण कागदावर व्हर्जिलही सुरक्षितच होता.

माधव जूलियनांनी 1927 मध्ये 'छंदोरचना' लिहून आपल्या वृत्तांचे शास्त्र बांधून दिले. मात्र शास्त्र वाचून चाल येत नाही, ती ऐकूनच यावी लागते. ती देणारी माणसे म्हणजे हरदास, पंतोजी आणि पाठ म्हणणारे आजोबा. 'केकावली'ची पृथ्वी योग्य यतीवर थांबत म्हणणारा गळा पूर्वी गावोगाव सापडे, आता शोधावा लागतो. रोमन गळे गेले तेव्हा ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते, म्हणून पंडितांना चारशे वर्षे शिलालेखांतील चुका वेचाव्या लागल्या. आपल्यापाशी यंत्र आहे आणि गळेही अजून थोडे शिल्लक आहेत. कायद्याचीही आडकाठी नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटली की त्याचे काव्य सर्वांचे होते. त्या न्यायाने मोरोपंत, केशवसुत, बालकवी आणि खुद्द माधव जूलियन हे सारेच मोकळे झाले आहेत.

एखाद्या युरोपीय कारकुनाने किंवा शाळामास्तराने दिवसाचे काम संपवून ओव्हिडचा एक सर्ग वाचावा आणि जगाला देऊन टाकावा, यात त्याचा लाभ कोणता? दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका दीर्घ स्वराला त्याची मात्रा परत मिळाली, एवढाच. आपल्याला तर इतके मागे जायचेही कारण नाही. ज्यांच्या मुखी आर्या अजून आहे, अशा एका वृद्ध माणसापुढे बसावे, त्यांना म्हणायला सांगावे आणि ते म्हणतील तसे, त्यांच्या गावच्या हेलासकट टिपून घ्यावे. उद्या मराठीचा कोणी अभ्यासक ऱ्हस्व-दीर्घाचा शोध घ्यायला निघाला, तर त्याला आपल्या शुद्धलेखनातल्या चुका वेचत बसावे लागू नये.