रेव्हरंडांचा संसार

बडोद्याला आमच्या दांडिया बाजारातल्या घरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव दोन सुरांत निघायचं. आजोबा आणि त्यांची मित्रमंडळी म्हणत, "एवढा संस्कृताचा विद्वान, कोकणस्थ ब्राह्मण, पण बाटला." बायका म्हणत, "लक्ष्मीबाईंचे टिळक." पुरुषांचं बोलणं तिथंच संपे आणि बायकांचं तिथून सुरू होई.

आजीचं माहेर नगरचं, आणि टिळकांच्या आयुष्याची ऐन कर्तबगारीची वर्षं नगरमध्येच गेली. त्यामुळे टिळक दांपत्य तिला परकं नव्हतं. दुपारची जेवणं आटोपली, मागचं आवरलं की मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून आणलेली ‘स्मृतिचित्रे’ ही लक्ष्मीबाईंची आत्मकथा ती मोठ्यानं वाचायची आणि शेजारच्या चारजणी गहू निवडता निवडता ऐकायच्या. या पुस्तकाचा पहिला भाग 1934 साली आला. त्याच वर्षी बडोद्यात ना. गो. चापेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं होतं. ती धामधूम आजी क्वचितच आठवायची. लक्ष्मीबाईंचा शब्द न् शब्द मात्र तिला पाठ होता.

टिळकांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील तापट, आई भाविक. आई लवकर गेली आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथं गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी लक्ष्मी लग्न होऊन टिळकांच्या घरात आली तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. टिळक एका जागी टिकणारे नव्हते. आज इथली नोकरी, उद्या तिथली. हातात पैसा आला की तो कुणा गरजूच्या हातात गेलाच म्हणून समजा. संसाराचा गाडा ओढायचा तो लक्ष्मीबाईंनी. दोन-तीन लेकरं हातची गेली, ते दुःखही त्यांनी अशाच फिरतीत सोसलं.

1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. त्यातलं डोंगरावरचं प्रवचन वाचताना टिळक हलून गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो घेतानाही त्यांचा बाणा दिसला: साहेब पाद्री नको, आपल्याच देशाचा हवा. तुकाराम नाथोजी या मराठी पाद्र्याच्या हातून त्यांनी तो घेतला.

वाचन इथवर आलं की गहू निवडणारे हात थांबायचे. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे जाण्याची सोय नाही. पदरात मुलगा दत्तू. लक्ष्मीबाई पंढरपूरला बहिणीच्या आसऱ्याला गेल्या. एक शेजारीण दरवेळी म्हणे, "मी असते तर तोंड पाहिलं नसतं." तिच्या शेजारी बसणाऱ्या विधवा काकू तेवढ्याच ठामपणे म्हणत, "त्यानं धर्म सोडला, बायकोला टाकलं नाही. पत्रं लिहीत राहिला, कविता पाठवत राहिला, दुसरं लग्न केलं नाही. एवढं कोण करतो?" तो वाद आमच्या ओसरीवर कधीच मिटला नाही.

लक्ष्मीबाईंनी तो आपल्या आयुष्यात मिटवला. त्या नगरला आल्या, पण आधी सोवळं आणि चूल वेगळी ठेवून राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातिभेद देवानं केला की माणसानं, याचा विचार लक्ष्मीबाईंनी आपला आपण केला आणि मगच सोवळं सोडलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी दुरून वाट पाहिली आणि घरात जागा मोकळी ठेवली. धर्मप्रचारकाचं ते सर्वांत अवघड काम असावं.

तेच दिवस संवत छप्पनच्या दुष्काळाचे होते. गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. तो दुष्काळ गुजरातेप्रमाणे दख्खनलाही सोलून गेला. मिशनांची अनाथालयं पोरक्या मुलांनी भरली, बडोद्यातही आणि नगरलाही. टिळक अशी मुलं सरळ घरी आणत, आणि त्यांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं लक्ष्मीबाई बघत. पुढं त्याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, पोटच्या मुलासारखे राहिले. टिळकांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणतात, त्यातली मुलं अशी प्रत्यक्ष त्यांच्या पंगतीला बसलेली होती.

एकदा आजी आजारी पडून मिशनच्या दवाखान्यात होती. तिथल्या मराठी नर्सबाई रात्री उशाशी बसून हलक्या आवाजात एक अभंग म्हणत. चाल ओळखीची, आर्तता ओळखीची. आजीनं विचारलं, "तुकोबांचा का हो?" त्या म्हणाल्या, "नाही आजी, आमच्या टिळकांचा." तुकोबांच्याच वाटेनं आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक मानत. विलायती चालींच्या गीतांऐवजी त्यांनी आपल्या लोकांना अभंग आणि ओवी दिली. घरी आल्यावर आजी आजोबांना एवढंच म्हणाली, "तो बाटला म्हणता, पण त्याची जीभ तुकोबांचीच राहिली." आजोबा काही बोलले नाहीत. त्यानंतर ‘बाटला’ हा शब्द मात्र आमच्या घरात ऐकू आला नाही.

1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, भगवी वस्त्रं घेतली आणि साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला न घेतलेला असा भेद त्यांना तिथं नको होता. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन करण्यात आलं.

‘ख्रिस्तायन’ या काव्याचे पहिले दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. धड शाळेत न गेलेल्या या बाईला अक्षर ओळखायला टिळकांनीच शिकवलं होतं. 1936 साली त्याही गेल्या आणि शेवटचा अध्याय दत्तूनं, म्हणजे देवदत्तांनी, पुरा केला.

टिळकांच्या चरित्रात लक्ष्मीबाईंना ‘सुविद्य पत्नी’ म्हणून एका परिच्छेदात बसवणं हा दोघांवरही अन्याय आहे. टिळकांचा विसरभोळेपणा, हट्ट, संताप आणि अपार माया लक्ष्मीबाईंनी काहीही न झाकता लिहून ठेवली, म्हणून ते आपल्याला हाडामांसाचे भेटतात. आमच्या ओसरीवरच्या बायकांना हे समीक्षकांच्या आधी कळलं होतं. टिळकांची कविता शाळेत सगळ्यांनीच वाचली असेल. आता ‘स्मृतिचित्रे’ही वाचा, आणि जमलं तर घरातल्या चौघांना बसवून मोठ्यानं वाचा.