लुगर पिस्तुलावरचे नंतरचे ठसे

गेऑर्ग लुगर यांनी बोर्शार्टच्या १८९३ च्या पिस्तुलावरून घडवलेले पिस्तूल स्वित्झर्लंडने १९०० मध्ये स्वीकारले, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि जर्मन भूसेनेने १९०८ मध्ये. पहिले महायुद्ध संपेपर्यंत ते बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्यात आणि एर्फुर्टच्या सरकारी शस्त्रशाळेत तयार होत होते. सुटे भाग एकमेकांशी हाताने जुळवून बसवावे लागत. त्यामुळे ट्रिगर, सेफ्टी, वर उचलला जाणारा सांधा अशा बहुतेक भागांवर पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असत. आजचा संग्राहकांचा बाजार या अंकांवर चालतो. सगळे जुळले तर किंमत चढते, एक जरी वेगळा निघाला तर कोसळते. ही कसोटी मला अपुरी वाटते, कारण तिच्यात कारखान्याच्या दारापुढचा इतिहास मोजलाच जात नाही. लष्करी पिस्तूल दहा-वीस वर्षे नोकरीत असे, आणि त्या नोकरीत सैन्याने किंवा पोलिसांनी त्यात केलेले बदलही तितकेच अस्सल आहेत. खोटा ठरतो तो विक्रीसाठी नंतर केलेला बदल.

पहिल्या महायुद्धानंतरची लुगर पाहिली की हे पटते. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याला १,००,००० माणसांची मर्यादा घातली, देशभर पसरलेली शस्त्रे गोळा करावी लागली, आणि सैन्याकडे व पोलिसांकडे अधिकृतपणे राहिलेल्या शस्त्रांवर ‘१९२०’ असा मालकीचा ठसा मारला गेला. म्हणून १९१७ साली बनलेल्या पिस्तुलाच्या चेंबरवर दोन साले दिसतात, एक जन्माचे आणि दुसरे पराभवानंतरच्या झाडाझडतीचे. पुढे १९३० च्या दशकात पोलिसांनी आणखी एक भर घातली. लुगरची एक खोड अशी, की साफसफाईसाठी बाजूची पट्टी काढली आणि चेंबरमध्ये गोळी राहून गेली असली, तर उघडी पडलेली लांब कळ दाबली जाऊन बार उडू शकतो. तो धोका टाळायला पोलिसांच्या कारागिरांनी त्या कळीवर एक स्प्रिंगची पट्टी बसवली. कारखान्याच्या मापाने पाहिले तर ही पट्टी परकी आहे. पण नेमकी तीच सांगते की हे हत्यार वायमार प्रजासत्ताकाच्या काळातून पार होऊन एखाद्या पोलिसाच्या कमरेला पोहोचले होते. ती काढून पिस्तूल १९१७ च्या रूपात ‘परत नेणे’ म्हणजे त्याच्या चरित्रातली दहा-पंधरा वर्षे फाडून टाकणे.

मग कुठलेही विजोड पिस्तूल ‘सैन्याने दुरुस्त केलेले’ म्हणून खपवले जाईल, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात लाल सैन्याने जप्त केलेल्या लुगरांच्या बाबतीत तर तो फारच खरा ठरतो. सोव्हिएत शस्त्रशाळांत ही पिस्तुले सुटी केली गेली, अंकांची पर्वा न करता पुन्हा जोडली गेली आणि रसायनात बुडवून सरसकट काळीनिळी केली गेली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ती पाश्चात्त्य बाजारात आली, आणि त्यांतली काही खासगी हातांत पुन्हा घासून, नवे अंक ठोकून ‘जुळलेली’ बनली. मात्र धातू बोलतो. जुन्या पद्धतीत पोलादावर गंज धरवून, उकळून, तो पुन्हापुन्हा घासत निळाई चढवत. ट्रिगर आणि सेफ्टीसारखे लहान भाग तापवून पेंढ्यासारखे पिवळे केले जात. नंतर लुगर बनवणाऱ्या मौझर कारखान्याने १९३७ च्या सुमारास ही रीत सोडली. तेव्हा १९१६ च्या पिस्तुलाचा ट्रिगरही निळाकाळा असेल, तर ते नंतर बुडवलेले आहे किंवा निदान ट्रिगर बदललेला आहे एवढे नक्की. ठशांचेही तसेच. ठसा मारताना त्याच्या कडेला धातू किंचित वर येतो. पॉलिशच्या चाकाने तो उंचवटा जातो, अक्षरे उथळ होतात, कोपरे गोलावतात. सैन्याची दुरुस्ती सहसा स्वतःची खूण मागे ठेवते, लबाडीला मागची खूण पुसावी लागते. फरक ओळखायला कष्ट पडतात, पण तो ओळखता येतो.

गंजू द्यायचे का मग, असेही विचारले जाते. नाही. तेल लावणे, आर्द्रता रोखणे, सैल तांबेरा अलगद काढणे हे जतन आहे. त्यात मूळ धातू जात नाही. शिवराई चिंचेने घासून चकचकीत करणाऱ्याने तिच्यावरची अक्षरेच झिजवावीत, तसा प्रकार पुन्हा निळाई चढवणाऱ्या कारागिराकडून घडतो. सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे: माणसे मारण्याचे, त्यातही नाझी राजवटीने वापरलेले हत्यार जपायचे कशाला? माझ्या मते म्हणूनच ते जसे आहे तसे जपले पाहिजे. मुठीवर कोरलेला रेजिमेंटचा आणि कंपनीचा क्रमांक, गरुडाचा तपासणी-ठसा, एखाद्या अमेरिकन सैनिकाला ते मायदेशी नेण्यासाठी दिलेला परवान्याचा कागद, हे सगळे एकत्र असले तर पिस्तूल कोणाकडून कोणाकडे गेले याचा पुरावा उरतो. घासून नवे केले की उरते फक्त शोभेची वस्तू, आणि उदात्तीकरण सोपे होते ते अशा वस्तूचेच.

संग्राहकांना आणि लिलाव करणाऱ्यांना एवढीच विनंती: यादीत ‘अंक जुळतात’ एवढे लिहून थांबू नका, कोणता बदल कोणत्या सैन्याचा, कोणता पोलिसांचा आणि कोणता दुकानदाराचा, हेही लिहा. पिस्तुलासोबत आलेला एकही कागद वेगळा विकू नका.